दहा कोटींचा प्रश्न

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें राज्यें आणि लढाया उभ्या राहतात. निदान एखादा किल्ला किंवा पडकें देऊळ तरी. आज मी ज्याची हकीकत सांगणार आहें, तें यांपैकीं कांहींच नव्हे. दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांचा तो एक खेळ होता. सन २००० च्या दिवाळीच्या सुमारास तो जन्मास आला आणि वर्षाच्या आंतबाहेर मावळला. 'सवाल दस करोड का' हें त्याचें नांव. आपल्यापैकीं पुष्कळांना तो आठवणार नाहीं; ज्यांना आठवेल ते हंसून म्हणतील, "अहो, तो तर पडलेला खेळ!"

पडलेला खरा. परंतु आयुष्याचीं पस्तीस वर्षें मीं मास्तरकींत घालविलीं, आणि तेवढ्या काळांत एक गोष्ट शिकलों. पहिला आलेला मुलगा पहिला कां आला, हें सांगणें अवघड असतें; पण नापास झालेला कां नापास झाला याचा नीट शोध घेतला, तर त्याचा उपयोग सबंध वर्गाला होतो. शिवाय या नापास खेळानें नांदेडच्या आमच्या गल्लीला एक रात्र दिली आहे, आणि तिचें ऋण माझ्या माथ्यावर आहे.

प्रथम घटनांचा क्रम सांगतों. ३ जुलै २००० रोजीं रात्रीं नऊ वाजतां स्टार प्लस या वाहिनीवर 'कौन बनेगा करोडपती' हा खेळ सुरू झाला. मूळ खेळ विलायतेचा. तेथें तो १९९८ सालीं निघाला होता. आपल्याकडे अमिताभ बच्चन यांनीं त्याचें सूत्रधारपण पत्करलें. पंधरा प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, अडलेल्याला तीन प्रकारची मदत, आणि सर्व प्रश्न सुटले तर एक कोटि रुपये, असें त्याचें स्वरूप होतें. त्याच वर्षीं हर्षवर्धन नवाथे या मराठी तरुणानें तें कोटीचें बक्षीस सर्वांआधीं मिळविलें. तो सनदी सेवेच्या परीक्षेची तयारी करीत होता. वर्षानुवर्षें घोकलेलें सामान्यज्ञान एका रात्रींत एवढें फळास येतें हें पाहून घरोघरच्या आईबापांनीं आपल्या मुलांकडे नव्या नजरेनें पाहिलें. माझ्या वर्गांतील मुलें तर राजधान्यांचीं नांवें मागून घेऊं लागलीं. असा प्रसंग पूर्वीं कधीं आला नव्हता.

झी ही वाहिनी १९९२ सालापासून चाललेली. नव्या खेळानें तिचा प्रेक्षक ओढून नेला, तेव्हां तिनें तोडीस तोड म्हणून आपला खेळ काढला. तिकडे एक कोटि, तर इकडे दहा कोटि. तिकडे एक सूत्रधार, तर इकडे दोन. अनुपम खेर आणि मनीषा कोइराला. दोघेंही नामांकित, दोघेंही आपल्या कामांत वाकबगार. एवढी रक्कम आपल्या देशांत कोणत्याही खेळांत तोंवर कोणीं पुकारली नव्हती. तरी लोक आले नाहींत. कांहीं महिन्यांनीं सूत्रधार बदलून पाहिले. तरीही आले नाहींत. अखेर तो खेळ बंद पडला. इकडे एक कोटीचा खेळ मात्र पुढें दोन तपांहून अधिक काळ निरनिराळ्या रूपांनीं चालत राहिला.

आतां आमच्या गल्लीकडे वळतों. ती गोदावरीपासून फार दूर नव्हती. केबलची तार तेव्हां चार-पांच घरांतच पोंचली होती. त्यांपैकीं एका घरीं रात्रीं पंधरा-वीस माणसें जमत. घरधनी कापडाच्या दुकानांत मुनीम होते. एकापेक्षां दहा मोठे, या साध्या हिशोबानें मुनीमजींनीं दहा कोटींचाच खेळ लावावयाचा असा नेम केला होता. आणि घर त्यांचें, यंत्र त्यांचें, तेव्हां शब्दही त्यांचाच चाले. सतरंजीवर मुलें, खाटेवर म्हातारीं माणसें, दाराशीं उभे राहणारे आम्ही, असा तो दरबार भरे.

त्या काळीं रात्रीं वीज जाणें ही बातमी नव्हती. एके दिवशीं नद्यांविषयींचा एक प्रश्न आला. पश्चिमेकडे वाहणारी नदी यांपैकीं कोणती, अशा अर्थाचा तो होता. प्रश्न वाचून झाला, आणि पर्याय पडद्यावर उमटण्याच्या आंत वीज गेली.

एरवीं वीज गेली कीं माणसें उठून ओट्यावर जात. त्या रात्रीं कोणीही उठलें नाहीं. पडदा विझला होता, पण प्रश्न विझला नव्हता. मुनीमजींच्या मातोश्री अंधारांतून म्हणाल्या, "नर्मदा. परिक्रमेहून आलेल्या माणसांनी सांगितलंय, ती उलटी वाहते." कोणी म्हणाला तापी. दोन्ही पश्चिमेकडेच वाहतात, मग त्यांतलें कोणतें उत्तर धरावयाचें, यावर वाद जुंपला. इतक्यांत माझ्याच सातवींच्या वर्गांतील एक मुलगा ठामपणें म्हणाला, "आपली गोदावरी."

मोठा हशा पिकला. मीं त्याला विचारलें, "गोदावरी कोणत्या समुद्राला मिळते रे?"

"बंगालच्या उपसागराला, गुरुजी." उत्तर तोंडपाठ होतें.

"मग ती पश्चिमेला कशी वाहील?"

तो गप्प झाला. मग जरा वेळानें हळूच म्हणाला, "पण गुरुजी, घाटावर उभं राहिलं तर ती कुणीकडं चाललीय ते कळतच नाही."

हंसूं थांबलें. त्या खोलींत नदीकांठीं जन्म काढलेलीं माणसें होतीं. त्यांतल्या कितीजणांनीं नदी कोणीकडे जाते हें मुद्दाम उभें राहून पाहिलें होतें? इतरांचें सोडा, मीं तरी कोठें पाहिलें होतें? मी वीस वर्षें नकाशावर छडी फिरवून ती पूर्वेला नेत होतों, इतकेंच.

दुसऱ्या दिवशीं शाळा भरण्याआधीं सात-आठ मुलांना घेऊन मी गोवर्धन घाटावर गेलों. पाणी अगदीं संथ होतें. सूर्य नुकताच वर आलेला. त्या मुलानें झेंडूचें एक फूल पाण्यावर सोडलें. बराच वेळ तें जागच्या जागीं डुलत राहिलें. मग जरासें वळलें, आणि हळूहळू सूर्याच्या दिशेनें निघालें. तो मुलगा एक शब्दही बोलला नाहीं. फूल दिसेनासें होईपर्यंत तो पायरीवर उभा राहिला, आणि मग धांवत शाळेकडे गेला.

त्या रात्रींच्या दहा कोटींचें काय झालें, हें आमच्या गल्लीला कधींच कळलें नाहीं. पण माझ्या मनांत तेव्हांपासून एक प्रश्न घर करून बसला. बक्षीस दहापट असून तो खेळ पडला. आणि तेंच बक्षीस अंधारांत नाहींसें होतांच आमच्या गल्लीला खेळ सांपडला. हें कसें? याचें उत्तर शोधावयाचें तर जरा मागें जावें लागतें.

कोडें घालण्याची हौस माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १६४ वें सूक्त दीर्घतमा ऋषीचें; तें पुष्कळसें कोड्यांनींच भरलेलें आहे. महाभारताच्या वनपर्वांत यक्ष तळ्याच्या कांठीं युधिष्ठिराला प्रश्न विचारतो, आणि पैजेला भावांचे प्राण असतात. तेथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, यक्ष उत्तरें ऐकून प्रसन्न होतो आणि एकाच भावाचे प्राण देऊं करतो. सर्व भाऊ परत मिळतात ते युधिष्ठिर स्वतःच्या सख्ख्या भावाऐवजीं माद्रीचा मुलगा मागतो म्हणून. म्हणजे शेवटची परीक्षा माहितीची नव्हतीच. पुढें ११५० सालीं भास्कराचार्यांनीं 'लीलावती' रचली. तींत भुंग्यांचे थवे आहेत, सापावर झडप घालणारा मोर आहे, वाऱ्यानें कलणारें कमळ आहे. आणि प्रत्येकापाठीमागें गणित दडलेलें आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीं भास्कराचार्यांच्या नातवानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ काढला, असें चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून कळतें. कोड्यांच्या पुस्तकासाठीं जेथें मठ निघतो, त्या भूमीला कोड्याचें मोल नवें नव्हतें.

आपल्या मराठवाड्यांत ही परंपरा पंडितांच्या पोथ्यांपेक्षां लोकांच्या तोंडीं अधिक राहिली. पैठणच्या एकनाथांनीं भारुडें रचलीं. तीं वरून पाहतां विंचवाचीं नि जोश्याचीं, आंतून पाहतां जीवाचीं आणि शिवाचीं. ऐकणाऱ्यानें उलगडा करावा, अशीच त्यांची घडण आहे. 'उखाणा' हा शब्द आज आपण लग्नांत नांव घेण्यापुरता वापरतों. परंतु त्याचा जुना अर्थ कोडें असाच आहे. माझ्या लहानपणीं लातूरकडच्या खेड्यांत उन्हाळ्याच्या रात्रीं अंगणांत बाजा टाकून आम्ही निजत असूं, आणि आजी कोडीं घाली. बत्तीस चिऱ्यांच्या वाड्यांत फिरणारी नागीण म्हणजे आपल्याच तोंडांतली जीभ, हें ज्या रात्रीं मला उमगलें त्या रात्रीं मी कितीतरी वेळ जिभेनें दांत मोजीत पडलों होतों. या खेळाला बक्षीस नव्हतें. ज्यानें ओळखलें त्यानें पुढचें कोडें घालावें, एवढाच मान. आणि नाहीं ओळखलें, तर आजी सांगत नसे. "उद्यां सांगेन," म्हणे. तो उद्यांपर्यंतचा वेळ हाच खरा खेळ होता.

कोड्याला पैशाची जोड कशी मिळाली आणि तिचें पुढें काय झालें, याचें उत्तम उदाहरण म्हणजे शब्दकोडें. २१ डिसेंबर १९१३ रोजीं न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या पत्रांत आर्थर विन या गृहस्थानें पहिलें शब्दकोडें छापलें. तेथून तें विलायतेस गेलें, आणि विलायतेहून आपल्याकडे आलें. पुढें कांहीं चालकांनीं त्याला प्रवेश-फी आणि रोख बक्षीस जोडलें. पाहतां पाहतां बक्षिसांचे आंकडे हजारांवर आणि लाखांवर गेले. पण त्याबरोबर कोड्याची जातच बदलली. साध्या शब्दकोड्यांत एका सूचनेला एकच शब्द बसतो. बक्षिसाच्या कोड्यांत एकेका जागीं दोन-दोन शब्द सारखेच शोभतील अशी योजना असे, आणि चालकानें पाकिटांत मोहरबंद करून ठेवलेल्या उत्तराशीं ज्याचें उत्तर जुळेल तो विजयी ठरे. अशा दहाच जागा असल्या तरी १,०२४ निरनिराळीं उत्तरें होतात. मग ज्याच्याजवळ पैसे अधिक त्यानें अर्ज अधिक भरावे. शब्दज्ञानाचा खेळ अशा रीतीनें सोडतीचा झाला.

मुंबई सरकारनें १९४८ सालीं यावर नियंत्रणाचा आणि कराचा कायदा केला. तेव्हां कांहीं चालक प्रांताबाहेरून पत्रें छापून धाडूं लागले. बंगलोरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकांतील अशा स्पर्धेचा खटला शेवटीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दरम्यान १९५५ सालीं मध्यवर्ती कायदा झाला: अशा स्पर्धेंत महिन्याकांठीं एकंदर एक हजार रुपयांहून अधिक बक्षीस देतां येणार नाहीं, आणि दोन हजारांहून अधिक प्रवेशपत्रें घेतां येणार नाहींत. ९ एप्रिल १९५७ रोजीं न्यायालयानें निकाल दिला कीं जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचें संरक्षण त्याला नाहीं; ज्या स्पर्धेंत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतें तिला मात्र हा कायदा लागू नाहीं. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनीं त्या निकालपत्रांत ऋग्वेदांतील जुगाऱ्याच्या सूक्ताचाही दाखला दिला आहे. कोड्यांचें मूळ ज्या वेदांत, त्यांतच जुगाराचा पश्चात्ताप. आणि दोहोंमधली सीमा एका न्यायाधीशानें तीन हजार वर्षांनीं शब्दकोड्याच्या निमित्तानें आंखून दिली.

पुढें काय झालें तें पाहा. लाखांचीं कोडीं त्या कायद्यानें नाहींशीं झालीं. शब्दकोडें मात्र राहिलें. ज्याला कांहीं बक्षीस नाहीं, ज्याचें उत्तर उद्यांच्या अंकांत येतें, तें शब्दकोडें सकाळच्या चहाबरोबर पेन्सिल कानाला लावून सोडविणारीं माणसें प्रत्येक गांवांत पिढ्यानुपिढ्या होत आलीं आहेत. बक्षीस गेलें आणि खेळ उरला.

आपण म्हणाल, गुरुजी, तुमचा सिद्धान्त फसला. कोटीचें बक्षीस असूनही 'कौन बनेगा करोडपती' टिकलाच कीं! हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाहीं.

त्यासाठीं थोडें गणित करूं. चार पर्यायांचे पंधरा प्रश्न डोळे मिटून ठोकून दिले, तर सर्व बरोबर येण्याचा संभव १०७ कोटींत एक. १९५५ च्या कायद्यानें जी सोडत बंद केली ती आणि हा खेळ यांत एवढें अंतर आहे. २००१ च्या खानेसुमारींत आपल्या देशाची लोकसंख्या १०२ कोटींच्या वर भरली. म्हणजे सबंध देश आंधळेपणानें खेळावयास बसला असता, तरी एकही करोडपति निघण्याची खात्री नव्हती. या खेळांत माहितीवांचून गति नाहीं. दुसरें असें कीं, सूत्रधार उत्तर पक्कें करण्यापूर्वीं थांबत, उमेदवाराला त्याचें गांव, त्याचे आईबाप, त्याची नोकरी विचारीत. आणि त्या थांबण्यांत देशभरच्या घरांतून वाद रंगत. आजीच्या 'उद्यां सांगेन' या शब्दांचा तो एक लहानसा अवतारच होता.

हें थांबण्याचें तंत्र एका दिवसांत सांपडलेलें नव्हतें. या खेळाचे निर्माते सिद्धार्थ बसू यांनीं १९८५ सालीं दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम चालविला होता. त्यांत कोटीची भाषा नव्हती. आमच्या भागांत दूरचित्रवाणी तेव्हां नवी होती. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें खरें, पण त्याच्या लहरी आमच्यापर्यंत कोठून येणार? १९७५ सालीं उपग्रहाच्या साहाय्यानें खेडोपाडीं चित्रें दाखविण्याचा वर्षभराचा प्रयोग झाला, तेव्हां सहा राज्यांतील सुमारें २,४०० गांवांना त्याचा लाभ मिळाला. आमच्या दक्षिणेकडचे गुलबर्गा आणि मेदक हे जिल्हे त्यांत होते, आम्ही नव्हतों. १९८४ नंतर लहान प्रक्षेपण केंद्रें देशभर निघालीं, तेव्हां कोठें गांवोगांवच्या गच्च्यांवर तारांचे सांगाडे दिसूं लागले. इंग्रजींतले ते प्रश्न आम्हां तरुण शिक्षकांना निम्मेच कळत. तरी आम्ही वही घेऊन बसत असूं, आणि न कळलेले शब्द दुसऱ्या दिवशीं कोशांत पाहत असूं.

आतां दोन्ही खेळांचीं नांवें शेजारीं ठेवून पाहा. एकाच्या नांवांत 'कौन' आहे. दुसऱ्याच्या नांवांत 'दस करोड'. पहिला विचारतो, कोण? दुसरा सांगतो, किती. २०१३ सालीं ईटीव्ही मराठीवर सचिन खेडेकर यांच्या सूत्रधारपणाखालीं मराठी अवतार निघाला, त्याच्याही नांवांत 'कोण' कायम होतें. 'कोण' हा प्रश्न ऐकणाऱ्याला जागा देतो. तो तूंही असशील, असें सुचवितो. 'किती' हा आंकडा ऐकणाऱ्याला बाहेर उभें करतो. दहा कोटि म्हणजे काय हें आमच्या गल्लींत कोणाच्याच कल्पनेंत मावत नव्हतें. मुनीमजींनीं एकदां हिशोब मांडून पाहिला होता. त्यांच्या पगारानें ती रक्कम जमावयास कांहीं हजार वर्षें लागलीं असतीं. ज्याची कल्पनाही करवत नाहीं त्याची आशा तरी माणसानें कशी करावी? त्या खेळाची रक्कम मोठी होती, माणसें गुणी होतीं. पण घरीं बसलेल्यासाठीं त्यांत ओटा नव्हता. तो ओटा आम्हांला एका रात्रीपुरता विजेनें, किंबहुना तिच्या जाण्यानें, बांधून दिला.

येथवर जें बोललों तें जुनें झालें. आजचें बोलल्याशिवाय मात्र मला हें भाषण संपवितां येत नाहीं.

निवृत्तीनंतर मी लातूरला मुलीकडे राहतों. १९८२ सालीं उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला, आणि पुढच्या काळांत या शहरानें शिक्षणांत मोठें नांव कमावलें. राजर्षी शाहू महाविद्यालयानें प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळांत परिश्रमाची जी शिस्त घातली, तिच्यांतून 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. वाघमारे हे पुढें नांदेडला १९९४ सालीं स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. या दोन्ही शहरांत आज परगांवचीं मुलें शिकवणीसाठीं येऊन राहतात. कोरडवाहू शेतकऱ्याचीं मुलें येथून डॉक्टर झालेलीं मीं स्वतः पाहिलीं आहेत, आणि त्या यशाला नाक मुरडण्याचा मला अधिकार नाहीं. मी स्वतः शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठीं मुलांकडून चार-चार पर्यायांचे प्रश्न शेंकड्यांनीं सोडवून घेतले आहेत. माझें नांव झालें तें त्यावरच.

माझी नात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करीत आहे. गेल्या उन्हाळ्यांत जेवतांना मीं तिला माझ्या आजीचें एक सोपें कोडें घातलें. तिनें घांस तोंडाशीं थांबवून विचारलें, "आजोबा, पर्याय कोणते आहेत?"

सगळे हंसले. तीही हंसली. मला मात्र तो घास गिळवेना. हा प्रश्न तिचा नव्हता; तो मीच वर्षानुवर्षें वर्गांत पेरलेला होता. तिच्या परीक्षेंत १८० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकल्यास १ वजा. हिशोब करा: शंभर प्रश्न डोळे मिटून सोडविले तर सरासरीनें २५ बरोबर, ७५ चूक, १०० गुण मिळाले, ७५ गेले, २५ उरले. म्हणजे कांहींही ठाऊक नसणाऱ्यालाही थोडी दक्षिणा मिळतेच. पण माझी काळजी त्या गुणांची नाहीं. काळजी अशी कीं, उत्तर जगांत कोठेंतरी चार ओळींत छापून ठेवलेलें आहे आणि आपण फक्त खूण करावयाची, ही समजूत एकदां पक्की झाली, म्हणजे जेथें कोणींच पर्याय लिहून ठेवलेले नाहींत तेथें हीं मुलें काय करतील? रोगी आपल्या दुखण्याचे चार पर्याय बरोबर घेऊन येत नाहीं.

त्या दिवसापासून आमच्या घरीं एक नेम चालू आहे. आठवड्यांत एक प्रश्न, पर्याय नाहींत, बक्षीस नाहीं, आणि उत्तर मागूनही मिळावयाचें नाहीं. पहिला प्रश्न मीं 'लीलावती'तला घातला. तळ्यांतल्या कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात उभी आहे. वाऱ्यानें ती कलत गेली आणि मूळ स्थानापासून दोन हातांवर बुडाली. तर तळ्याचें पाणी किती खोल? पहिल्या दिवशीं ती चिडली. दुसऱ्या दिवशीं तिनें वेळ नाहीं म्हणून सांगितलें. तिसऱ्या दिवशीं रात्रीं उशिरां तिच्या खोलींतून हांक आली. तिनें वहीच्या मागच्या पानावर कमळ काढलें होतें, देठ काढला होता, आणि काटकोन त्रिकोण आंखला होता. "पावणेचार हात," ती म्हणाली. मीं होय किंवा नाहीं कांहींच म्हटलें नाहीं. "तुम्ही सांगू नका," ती म्हणाली, "मला माहीत आहे, बरोबर आहे."

श्रोतेहो, उत्तर बरोबर आहे हें दुसऱ्यानें न सांगतां ज्याला कळतें, त्याला शिक्षण झालें असें मी समजतों. चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर यापेक्षां अधिक मला कांहीं ठाऊक नाहीं.

दहा कोटींच्या त्या खेळांत कोणकोणते प्रश्न विचारले गेले, हें आज कोणी सांगूं शकेलसें वाटत नाहीं. ती रक्कम गेली, ते दिवे गेले, मुनीमजीही आतां नाहींत. पण गोदावरी कोणीकडे वाहते, हें त्या सकाळीं घाटावर आलेल्या सात-आठ जणांना पुस्तकांत वाचून नव्हे, तर डोळ्यांनीं पाहून ठाऊक आहे. आणि त्यांत त्यांचा एक मास्तरही आहे.